भरीव भिंत

पोकळ ही आमच्या काकांची सगळ्यात मोठी शिवी. माणूस आवडला नाही की पोकळ, आमटी मिळमिळीत झाली की पोकळ, पंतप्रधान कुठल्याही पक्षाचा येवो, पोकळ. आणि भिंत पोकळ असली तर मग विचारूच नका. कुणाकडेही गेले की चपला काढायच्या आधी ते मधलं बोट वाकवून पॅसेजच्या भिंतीवर टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि जमलेल्या मंडळींना निकाल सांगायचे. इंग्लंडात घरातल्या निम्म्या भिंती प्लास्टरबोर्डच्या, त्यामुळे निकाल ठरलेलाच असायचा.

एकदा आमच्या स्लाऊ गावातच एकांकडे गणपतीला गेलो होतो. नवं कोरं घर, बाई हौसेने एकेक खोली दाखवत होती. आरतीच्या आधी काका मखराच्या मागे हात घालून भिंत वाजवून आले आणि म्हणाले, "वहिनी, बाप्पाला मागे टेकवू नका हो. हे बिस्कीट आहे." बाईचा चेहरा उतरला. काकूंनी प्रसादाची वाटी त्यांच्या हातात कोंबली आणि "खा मुकाट्याने" एवढंच म्हणाल्या. येताना गाडीत काकू तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत होत्या. मला मात्र मागे बसून हसू आवरेना, आणि काका आरशातून ते बघून मनातल्या मनात खूश होते.

मी त्यांची भाडेकरू. ट्रेडिंग इस्टेट म्हणतात त्या कारखान्यांच्या वसाहतीत एका वेअरहाऊसच्या ऑफिसात काम मिळालं तेव्हा त्यांच्या टेरेस घरातली, म्हणजे रांगेत एकाला एक चिकटलेल्या घरांपैकी एकातली, पुढची खोली घेतली, थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि मग निघालेच नाही. खोली दाखवताना काकांनी सांगून ठेवलं होतं, "पोरी, ही बाहेरची भिंत तेवढी विटेची. बाकी तिन्हीकडे रागाने दार आपटू नकोस." मला राग येतो हे त्यांना पहिल्याच भेटीत कसं कळलं कोण जाणे.

मूळचे ते तिकडे सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर. ठेकेदारांनी बांधलेल्या भिंती तपासत गावोगाव हिंडायचं हे त्यांचं तरुणपणचं काम. ठेकेदार दर्शनी बाजूला विटा रचणार, मध्ये माती आणि तुकडे टाकणार किंवा तेही नाही, आणि साहेब यायच्या आत गिलावा मारून मोकळा होणार. एका गावात शाळेची अशी भिंत शिपायाच्या अंगावर कोसळली. काका ती बघायला गेले तेव्हा त्याला अजून बाहेर काढत होते. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. काकूंनी एकदा कणीक मळता मळता सांगितली, आणि वर म्हणाल्या, "तेव्हापासून हे असेच आहेत गं. मी लग्न करून आले ती ह्या टकटकीतच आले."

इथे आल्यावर त्यांच्या डिग्रीला कोणी विचारलं नाही. मेहुण्याच्या ओळखीने वेअरहाऊसमध्ये लागले ते रिटायर होईपर्यंत खोकी हलवत राहिले. पण माणूस आतून साहेबच राहिला. कोटाच्या खिशात ओळंबा असायचा. मॉरिसन्स सुपरमार्केटच्या पार्किंगमधली भिंत कललीय हे त्यांनी तिथल्या मॅनेजरला बोलावून, ओळंबा लावून दाखवलं होतं, आणि ती खरंच कलली होती.

घर बांधायचं निघालं ते काकूंच्या छातीमुळे. त्यांना जुना दमा. टेरेसचं घर उत्तरेकडे तोंड करून, हिवाळा लागला की खिडक्या आतून ओल्या आणि कपाटातल्या साड्यांना कुबट वास. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की ह्यांना कोरडी, उन्हाची खोली द्या, नाहीतर प्रत्येक हिवाळा आधीच्यापेक्षा वाईट जाईल. काका घरी आले, कोट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी तुला घर बांधून देतो."

"अहो, विकत मिळतात," काकू म्हणाल्या.

"विकतची सगळी पोकळ."

झालं, ठरलं. गावाच्या कडेला एका बंगल्यामागची रिकामी जागा घेतली, नकाशे झाले, कौन्सिलची परवानगी आली. खाली तीन खोल्या, वर छपरात एक मोठी खोली. त्या खोलीला दक्षिणेकडे डॉर्मर, म्हणजे उतरत्या छपरातून उभी बाहेर काढलेली खिडकी, भोवती स्वतःच्या छोट्या भिंती. ही खोली काकूंची. दम लागणाऱ्या बाईला जिना कशाला चढायला लावता, असं मी म्हणाले, त्यांची लेकही म्हणाली. काकांनी ऐकलं नाही. ओल जमिनीतून वर चढते, त्यांनी उभ्या आयुष्यात तेच बघितलं होतं. तेव्हा वरची खोली कोरडी, ह्यात त्यांना बोलण्यासारखंच काही दिसेना.

मला त्यांचा संताप यायचा, आणि मला ते फार आवडायचे. थंडीत कानटोपी, तिच्यावर पिवळं हेल्मेट, डब्यात काकूंनी दिलेली पोळीभाजी, असे सकाळी निघायचे. जड कामाला माणसं होती, पण वीट शक्यतो स्वतः लावायचे. शनिवारी मीही जायचे घमेली उचलायला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतीत खोट काढलेला माणूस पहिल्यांदाच स्वतःची भिंत बांधत होता, आणि इतका सुखी माणूस मी स्लाऊत दुसरा पाहिला नाही.

डॉर्मरच्या भिंतीही विटांच्याच करायच्या होत्या त्यांना. स्ट्रक्चरल इंजिनियरने साफ नाही म्हटलं. छपराला ते वजन पेलणार नाही, तिथे लाकडाचाच सांगाडा हवा. काकांना हा अपमान वाटला. "लाकूड खुर्चीला ठीक आहे," म्हणत राहिले, पण शेवटी सांगाडा उभा केला. त्याची लाकडी भिंत एका टोकाला घराच्या कडेच्या विटांच्या भिंतीला येऊन भिडत होती. पुढचं सगळं रामायण त्या कोपऱ्यात झालं.

इथली बाहेरची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेर विटांची, आत ब्लॉकची, आणि मध्ये चार बोटं पोकळी. पाऊस बाहेरच्या भिंतीला भिजवतो, पाणी आत झिरपलं तरी त्या पोकळीत उतरून खालून बाहेर जातं, आतली भिंत कोरडी राहते. मला अर्ध्या मिनिटात कळलं. काकांनाही कळलं होतं, ते काही अडाणी नव्हते. पण कळणं वेगळं आणि सहन होणं वेगळं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बायकोसाठी, पोकळ भिंत बांधायची ह्याने त्यांचा जीव कासावीस व्हायचा. खालपासून वरपर्यंत सगळी पोकळी त्यांनी दात आवळून नियमाप्रमाणे सोडली. धीर सुटला तो कोपऱ्यात.

कौन्सिलचे इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी काका टाय लावायचे आणि काकू चिवडा द्यायच्या. इन्स्पेक्टर शांत गृहस्थ, पाय पुसून आत येणारे. त्यांनी तिथल्याच एका विटेवर पेन्सिलीने काढून कोपरा समजावला. लाकूड वाळलं की आक्रसतं, वीट हलत नाही, तेव्हा दोघांना घट्ट जखडू नका, हलणाऱ्या पट्ट्यांनी जोडा. जोडावर पोकळीचं तोंड बंद करताना ओल अडवणारी उभी पट्टी घाला, आणि सिमेंट पोकळीत पडू देऊ नका, त्यावरून पाणी चालत आत येतं. काका प्रत्येक वाक्याला "यस सर" म्हणाले. घरी आल्यावर मात्र जेवताना फुटले.

"पाणी आत येणार हे धरूनच भिंत बांधायची? म्हणजे चोर येणार म्हणून त्याच्यासाठी मागचं दार उघडं ठेवायचं."

"अहो, ते सांगतायत तसं करा ना," काकू म्हणाल्या.

"करणार. त्यांनी सांगितलंय म्हटल्यावर करणारच."

आणि केलं. पट्टी घातली, जोड सांगितल्यासारखे लावले. इन्स्पेक्टर पुन्हा आले, वाकून बघितलं, मान डोलावली, चिवडा घेतला आणि गेले. त्यांची गाडी वळली तसा काकांनी टाय काढून खिशात ठेवला, शिडी लावली आणि ती पट्टी ओढून काढली. मग विटांचे तुकडे आणि घट्ट कालवलेला माल ठोकून ठोकून त्यांनी तो कोपरा तळापासून छपरापर्यंत भरला, आणि लाकडाला विटेशी लोखंडी पट्ट्यांनी जखडून टाकलं.

मी खाली उभी. "काका, हे नको म्हणाले होते ना ते? आत्ताच तर म्हणाले."

"साहेब गेले की ठेकेदार माल काढून घेतो," काका वरून म्हणाले. "मी घालतोय. ह्यात चोरी कुठे आहे?"

"चोरी नाही, मूर्खपणा आहे," मी म्हटलं. तोंड माझं हे असं. ते हसले आणि आणखी एक तुकडा ठोकला. नंतर भिंत वाजवून मला ऐकवली. दगडासारखी वाजली. आता हलणार नाही, म्हणाले, हिच्या खोलीची भिंत आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. त्यांनी पाणी मारलं. आपल्याकडे नव्या बांधकामाला सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात, उन्हात सिमेंट तडकू नये म्हणून. इथे ऑक्टोबर, वरून भुरभुर चाललेली, आणि हे कानटोपी घालून नळीने भिंतीला पाणी घालतायत. शेजारची गोरी बाई कुंपणावरून बघत राहायची. एकदा तिने मला विचारलं की ते भिंतीला आंघोळ का घालतात. मी सांगितलं, आमच्याकडची पद्धत आहे. हसलो आम्ही दोघी.

घर पुरं झालं, टेरेस विकलं, आणि आम्ही तिघं उन्हाळ्यात राहायला गेलो. मला खालची खोली. काकूंची खोली खरोखर सुंदर होती. सकाळपासून ऊन, खिडकीतून पलीकडचं शेत आणि दोन घोडे. काकू त्या घोड्यांशी बोलायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांना दम्याचा पंप फारसा लागला नाही, आणि काका येईल त्याला वर नेऊन कोपरा वाजवून दाखवायचे.

हिवाळ्यात घरात हीटिंग सुरू झालं तसं लाकूड वाळून आक्रसलं. जखडलेलं असल्यामुळे जोडावर बाहेरून उभी चीर गेली, केसाएवढी. पाऊस तिच्यातून आत शिरला, आणि आत त्याला खाली जायला पोकळी नव्हती. काकांनी ठोकून भरलेला माल होता. त्याच्यावरून पाणी सरळ आतल्या भिंतीत गेलं. काकूंच्या उशाशी आधी पिवळा डाग दिसला, मग गिलावा फुगला, मग काळे ठिपके आले. बुरशीच ती.

मी काकांना हाताला धरून वर नेलं. "हात लावून बघा. ओली आहे."

त्यांनी हात लावला नाही, बोटाने वाजवली. "भरीव आहे."

"भरीव आहे आणि ओलीही आहे, काका."

"पाणी मारलंय ना, ते निघतंय. नवी भिंत वर्षभर घाम टाकते."

माझं डोकं फिरलं. मी त्या पट्टीबद्दल बोलले, कोपरा उघडा म्हटलं, इन्स्पेक्टरांना बोलवा म्हटलं. ते ऐकत होते, पण नजर भिंतीवर. मी खाली आले आणि इतक्या जोरात दार आपटलं की स्वयंपाकघरातले कप वाजले.

त्यांच्या लेकीला मीच फोन केला. ती इथे जन्मलेली, क्रॉयडनला शाळेत शिकवते, घरात मराठी बोलते पण स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा तिला कधी पत्ता लागला नाही. त्यावरून आम्ही तिची सतत चेष्टा करायचो. ती आली, भिंत बघितली आणि सरळ बॅग भरायला घेतली. "आई, तू माझ्याबरोबर चल. माझा फ्लॅट ड्राय आहे. हा खोलीत तू नाही राहायचा."

काकू पलंगावर बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "नको गं बाळा. थोडं ऊन आलं की सुकेल."

"आई, प्लीज. तुझा चेस्ट ऐक ना, कसा आवाज येतो."

"मी गेले तर ह्यांना काय वाटेल? मी ह्या खोलीतून उठून गेले तर पुन्हा कुठल्या भिंतीकडे बघणार नाहीत ते."

लेक रडली, भांडली, शेवटी एकटीच ट्रेनने परत गेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला कपाट सरकवायला लावलं, त्या कोपऱ्यासमोर. मी म्हटलं, काकू, ह्याने ओल जाणार नाही. त्या म्हणाल्या, "जाऊदे. पण दिसणार तरी नाही त्यांना." मी सरकवलं नाही. मी ऑफिसातून आले तेव्हा कपाट तिथे होतं. कसं सरकवलं असेल त्या छातीने, देव जाणे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकूंना न्यूमोनिया झाला. बोलता बोलता धाप, जिना उतरणं बंद, मग अँब्युलन्स. हॉस्पिटलात एकदाच त्यांनी मास्क बाजूला करून मला विचारलं, "ह्यांनी जेवण केलं का?" आणि फेब्रुवारीत गेल्या. डॉक्टरांनी भिंतीचं नाव घेतलं नाही. छाती मुळातच खराब होती, म्हणाले, बुरशीने भर घातली असेल, नसेल, नक्की कोणी सांगू शकत नाही.

तेराव्यानंतर लेक आईच्या साड्या न्यायला आली. कपाट रिकामं करून ती, काका आणि मी, तिघांनी मिळून ते बाजूला ओढलं. माणसाच्या उंचीएवढी भिंत काळी झाली होती. काकांचं बोट सवयीने पुढे गेलं, आणि गिलाव्यात रुतलं. तुकडा खाली पडला.

"बाबा, हा भिंतने माझा आईला मारला," लेक म्हणाली.

तिच्या त्या मराठीला त्या दिवशी कोणी हसलं नाही. काका खाली गेले, छिन्नी-हातोडा घेऊन वर आले आणि म्हणाले, "पोरींनो, बाहेर व्हा. धूळ उडेल."

तो कोपरा फोडायला त्यांना वसंत ऋतू सगळा लागला. काम इतकं चोख केलं होतं की निघता निघेना. ब्रेकर मशीन आणते, माणूस आणते, मी विनवलं, नाही म्हणाले. ओले तुकडे बादलीत भरून स्वतः खाली आणायचे, जिन्यात थांबत थांबत. हात सोलपटले. बोलणं जवळजवळ बंद झालं. लोकांकडे जाणं बंद, त्यामुळे भिंती वाजवणंही बंद. मला वाटायचं, कुणाला तरी पोकळ म्हणा, मला म्हणा, पण काहीतरी बोला.

मग त्यांनी इन्स्पेक्टरांना फोन केला आणि काय केलं होतं ते सगळं सांगितलं. ते आले. त्यांना काकूंचं कळलं होतं. त्यांनी नोटीस-दंडाचा कुठलाही कागद बाहेर काढला नाही. फोडलेला कोपरा वाकून बघितला आणि पुन्हा सगळं समजावलं, पहिल्यासारखंच, न चिडता. काकांनी तसंच केलं. पोकळी मोकळी ठेवली, पट्टी घातली, लाकूड आणि वीट हलणाऱ्या पट्ट्यांनी जोडली, बाहेरून फट नीट भरली. ह्या वेळी पाणी मारलं नाही.

पुढचा हिवाळा फार पावसाचा गेला. एका रविवारी दुपारी, आठवडाभर धो धो कोसळून झाल्यावर, काकांनी मला वर हाक मारली. काकू गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. भिंत पांढरीशुभ्र होती, हात लावला तर कोरडी ठणठणीत. ऊन जमिनीवर पडलं होतं. पलंग होता तसाच, त्याच भिंतीला लावलेला.

"बस इथे," काका म्हणाले, उशाकडे बोट करून.

मी बसले. ते समोरच्या खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ते माझा श्वास ऐकतायत. मान किंचित कलती, डोळे मिटलेले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण बसून राहिले, आणि ते ऐकतायत म्हणून नीट, सावकाश श्वास घेत राहिले.

"दम लागतोय का?" त्यांनी विचारलं.

लागतोय असं मी म्हणाले असते तर म्हातारा दुसऱ्या दिवशी पुन्हा छिन्नी घेऊन बसला असता. नाही म्हणाले तर ही खोली अशीही होऊ शकत होती, पहिल्यापासून, हे त्याला माझ्याच तोंडून ऐकावं लागणार होतं.

"नाही, काका," मी म्हटलं. "अजिबात लागत नाहीये."

त्यांनी मान हलवली. "मलाही नाही लागत," म्हणाले. मग उठले, पलंगावरची चादर माझ्या बसण्याने चुरगळली होती ती हाताने सारखी केली, आणि उशी भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली.